दुसरा शब्द

मिठबाव,
ता. ९ डिसेंबर १९६७

प्रिय सुभद्रा,

‘प्रिय’ हा शब्द नाना मास्तरांचा. मी नुसतं ‘गो बाय’ म्हटलं होतं. मास्तर म्हणतात, पत्राला तोंड लागतं आणि ते शुद्ध लागतं. लागू दे. तीस वर्षं गावच्या पोरांची तोंडं शुद्ध करून भागलं नाही, आता पेन्शनीत माझं धुवायला घेतलंय. मी मालवणीत सांगते, ते आपल्या भाषेत लिहितात, आणि पान भरलं की मी ते परत वाचून घेते. अक्षर येत नाही म्हणून म्हातारीला काहीही लिहून गुंडाळता येईल असं कुणी समजू नये. मासळी विकण्यात जन्म गेला माझा. पाटीतला शिळा बांगडा ओळखावा तसा शिळा शब्द ओळखते मी.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तीनदा वाचून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं की तुझ्या लवूची बुद्धी वाढायची नाही, पाच वर्षांचा झाला तरी दोन वर्षांच्या पोराएवढीच आहे, औषध नाही. तुला पाचवा महिना लागलाय. जावईबापू गोदीतून दमून येतात, सासूबाई पाव्हण्यांसमोर लवूला आतल्या खोलीत बसवतात. आणि मग शेवटी तुझी ती ओळ, ‘आई, लवूला तुझ्याकडेच ठेवावं म्हणते. तुला सवय आहे. आणि त्याचा त्रास काही नाही गो, तो कशालाच नाही म्हणत नाही. कुणी हात पुढे केला की त्याच्यामागून चालू लागतो.’ ती ओळ मी मास्तरांना पुन्हा वाचायला लावली. मास्तरांना वाटलं मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं.

लवूला मी ठेवून घेऊ की नको, एवढंच तुला विचारायचं होतं. हो किंवा नाही, एका कार्डात मावलं असतं. पण तू ‘सवय’ म्हणालीस ना, म्हणून आता बस ऐकत. मास्तरांनी शाईची नवी बाटली आणली आहे.

तुझ्या पाठीवर माझे दोन मुलगे गेले हे तुला माहीत आहे, एकाला तर तूच मांडीवर घेऊन बसायचीस. म्हणून तिसरा झाला तेव्हा तुझ्या आजीने बारशाआधीच बजावलं, नाव चांगलं ठेवायचं नाही, चांगल्या नावाला यम भुलतो. धोंडू ठेवलं. मी त्याला सुईणीच्या हाती दिला आणि मूठभर कोंडा देऊन परत घेतला, कोंड्याच्या भावाचं पोर म्हणून. आणि मनात म्हटलं, देवा, दगड असला तरी चालेल, पण जगू दे. देवाला माझी बोली नीट कळते, बघ. मास्तरांसारखी शुद्ध करून घेत नाही तो. मागितलं तेच दिलं. तीन वर्षांचा झाला तरी शब्द नाही, तोंडातून लाळ, नजर कुठेतरी समुद्राकडे. तेव्हा शेजारची गंगू विहिरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, “नावच धोंडू ठेवलंस गो, धोंडोच झालो.” मी म्हटलं, “धोंडो देवळात बसलो की तूच पयली पायां पडतंस मगे.” बायका हसल्या. गंगू पण हसली. घागर घेऊन मी घरी आले, ती चुलीपुढे उतरवली आणि माझ्या लक्षात आलं की विहिरीत सोडलीच नव्हती, रिकामीच आणली होती.

त्याचा पहिला शब्द तुला आठवतो? तू होतीस तेव्हा, पंधरा वर्षांची, नवं परकर-पोलकं घालून. नारळी पुनवेला सगळा गाव वेळेवर, किनाऱ्याच्या वाळूत, जमला होता, समुद्राला नारळ द्यायला. गावकार गाऱ्हाणं घालत होते, “बा देवा म्हाराजा, आज ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो हा. दर्यात जातले त्येंची राखण कर. कोणाच्या हातून काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल.” आणि प्रत्येक मागणीला सगळे पुरुष एका आवाजात, “व्हय म्हाराजा!” धोंडू आपल्या बापाच्या, आबांच्या खांद्यावर. सात वर्षांचा, पाय खाली लोंबत होते. सगळ्यांचं म्हणून झालं, लाट मागे गेली, आणि वरून एकटा आवाज आला, “व्हय म्हाराजा.” किती स्पष्ट! गावकार पुढचं विसरले. तुझ्या आबांनी त्याला खाली उतरवलं नाही, तसेच उभे राहिले, आणि धोतराच्या सोग्याने नाक पुसत म्हणाले, खारं वारं लागलं. संध्याकाळी घरोघर साखर वाटली आपण. आता कोंडी फुटली, आता बाकीचे शब्द येतील मागोमाग, असं वाटलं. मी तर त्याला रोज सकाळी समोर बसवून एकेक वस्तू दाखवायची. ह्यो तांब्यो. ह्यी वाटी. मग माझ्याकडेच बोट करून, ह्यी आवस. म्हण रे, आवस. तो माझ्या तोंडाकडे बघून खूश होऊन म्हणायचा, “व्हय म्हाराजा.” दुसरा शब्द आलाच नाही, बाय. पंधरा वर्षं वाट बघितली.

आता मास्तर, पुढचं लिहा, आणि गाळू नका. आबांनी त्याला शाळेत घातलं ते याच मास्तरांच्या हाताखाली. मास्तर विचारत, दोन आणि दोन पाच काय रे? “व्हय म्हाराजा.” पोरं हसून लोळत. मास्तरांनी तेही चालवून घेतलं. पण दिपोटी साहेब आला शाळेच्या तपासणीला. त्याला सापडला धोंडूच. “मास्तर रोज शिकवतात ना रे?” “व्हय म्हाराजा.” दिपोटी खूश. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, “आणि मास्तर वर्गात झोपतात काय रे?” “व्हय म्हाराजा.” दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पाटी-दप्तरासकट धोंडूला आपल्या अंगणात आणून सोडलं. म्हणाले, वहिनी, याचं इथे काही व्हायचं नाही. सोळा दिवसांची शाळा. मास्तर आता मध्येच लेखणी थांबवून मला सांगतायत की मी कधीच झोपत नव्हतो. लिहा म्हटलं तेही, दोन्ही बाजू लिहा. पाटी अजून आहे, सुभद्रा. त्यावर मास्तरांनीच काढलेलं एक ‘ध’ आहे, अर्धं पुसलेलं. तेवढं अक्षर मला ओळखता येतं.

तुझ्या लग्नाची गोष्ट आपण दोघींनी कधी काढली नाही. अकरा वर्षं झाली. आज काढते, रागावू नको, रागावलीस तरी पत्रातून मला दिसणार नाही. तू आबांना एकटं गाठून सांगितलंस की वरातीसमोर धोंडूला आणू नका. मी पडवीत सुपारी कातरत होते, ऐकलं. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. वीस वर्षांची पोर तू, आणि तिकडची माणसं बघायला आली होती तेव्हापासून विचारत होती, घराण्यात काही आहे का. आबांनी त्याला जाळी ठेवायच्या खोपीत, मांगरात नेऊन बसवलं, पुढ्यात चुरमुऱ्यांचं सूप ठेवलं आणि विचारलं, “गप बसशीत मा रे? भायर येवचा नाय हां.” तो म्हणाला, “व्हय म्हाराजा.” आबा कडी लावून आले. आणि मग मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींचा तो खडा आवाज, आणि शेवटी सगळ्यांचा ‘सावधान’! त्या पोराला काय वाटलं असेल सांग? गाऱ्हाणंच वाटलं. दर ‘सावधान’नंतर मांगरातून आवाज येई, “व्हय म्हाराजा!” तुझ्या सासऱ्यांनी आबांना विचारलं, हा कोण? आबा म्हणाले, “देवळात गाऱ्हाणा चल्लाहा.” अंतरपाटामागे तुझी मान खाली होती, लोकांना वाटलं नवरी लाजली. मी अक्षता टाकल्या त्या तुझ्या डोक्यावर पडल्या की कुठे पडल्या मला ठाऊक नाही. पण एक मला नेहमी वाटतं. तुझ्या लग्नाला एवढी माणसं होती, निम्मी जेवणाची वाट बघत होती. देवाला खरोखर ‘व्हय’ म्हणणारा तेवढा एकटाच होता.

आबा त्याला त्यानंतर रापणीवर नेऊ लागले. कदाचित त्या कडीचं प्रायश्चित्त असेल. किनाऱ्यावर दोन बाजूंनी माणसं दोर ओढतात, जाळं वाळूवर येतं, आणि दोराला ज्याचा हात त्याला वाटा, ही आपली रीत. धोंडूच्या अंगात ताकद बैलाची. पहिली दोन वर्षं पोरांचा अर्धा वाटा मिळाला, मग रापणीच्या म्होरक्याने, महादू तांडेलाने, स्वतः होऊन पुरा दिला. वाटा घेऊन तो धावत घरी यायचा, मासे माझ्या पायाशी ओतायचा आणि समोर उभा राहायचा. मी विचारायची, “माझ्या झिलान हाडल्यान?” “व्हय म्हाराजा!” माझ्या लेकाने आणलं, एवढं ऐकण्यासाठी मी ते रोज विचारायची. तू सुट्टीत आलीस की हेच बघायचीस, मी हसतेय, तो हसतोय. त्यालाच तू सवय म्हणतेस.

पण तुला न दिसलेलं सांगते. जाळं वर आलं की बाकीचे दोर टाकून मासळीकडे धावत. धोंडू दोर सोडायचा नाही. सोडायचं कधी हे त्याला कळायचंच नाही. महादू त्याची बोटं एकेक करून उघडायचा, आणि तळहाताची साल दोराला चिकटून यायची. मी हळद-तेल लावताना विचारायची, “दुखता काय रे?” “व्हय म्हाराजा.” मग परत विचारायची, “दुखणा नाय मा रे?” “व्हय म्हाराजा.” तोच चेहरा, तेच हसू. भूक लागली? व्हय. पोट भरलं? व्हय. गावच्या टवाळ पोरांनी त्याला एकदा भर उन्हात खडकावर उभं केलं, “हंयच रवतंस मा?” म्हणून विचारलं, आणि भरती आली तरी तो तिथेच. महादूने पोहत जाऊन आणला. सुभद्रा, लाळ पुसायची सवय होते. लोकांच्या बोलण्याची होते. बावीस वर्षांच्या मुलाला आंघोळ घालायचीसुद्धा होते. पण आपल्या पोराला दुखतंय की नाही हे न कळण्याची सवय होत नाही. एक दिवसही झाली नाही मला. मी चेष्टा करते ना सगळ्यांची, ती त्यासाठीच. तोंड रिकामं राहिलं तर त्यातून दुसरंच काहीतरी निघेल, ही भीती.

आबा गेले आणि मग ती एकच गोष्ट डोक्यात बसली. माझ्यामागे याला कोण विचारील, दुखता काय रे? गेल्या वर्षी मे महिन्यात तू आली होतीस तेव्हा तूच म्हणालीस, आई, तुझ्यानंतर याचं कसं? मी म्हटलं, मी मरणारच नाही, यमाला माझा भाव परवडत नाही. तू हसलीस. तुझी बोट गेली, आणि पुढच्या सोमवारी दुपारी मी धोंडूला घेऊन देवळात गेले. पुजारी जेवायला गेला होता. देवळात कुणीच नव्हतं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आपल्यात रीत नाही, पण बघायला कुणी नसलं की रीत तरी कुणासाठी? मी नारळ ठेवला. धोंडू माझ्या मागे खांबाला टेकून बसला होता, त्याला मी पेरू दिला होता खायला. आणि मी म्हटलं, “बा देवा म्हाराजा, माजा आता वय झाला. माझ्या माघारी ह्येका कोण नाय. माझ्या आदी, एक दिस तरी आदी, ह्येका घेऊन जा.”

मास्तर थांबलेत. चष्मा पुसतायत. लिहा मास्तर, अजून संपलेलं नाही.

एवढं मागितलं आणि मी गप्प झाले. गाऱ्हाण्याला कुणीतरी हुंकार द्यावा लागतो, नाहीतर ते पुरं होत नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ध्यानात असतं तर त्याला पायरीवर बसवून आले असते. माझ्या पाठीमागून, तोंडात पेरू असूनसुद्धा, तो नारळी पुनवेचा आवाज आला, तितकाच स्पष्ट, “व्हय म्हाराजा.”

आषाढात ताप आला. पाऊस एवढा की होडी नाही, बोट बंद, तुला नुसती तार. डॉक्टर देवगडहून चिखल तुडवत आला. भला माणूस. त्याने पोट दाबलं, दुखतं का? “व्हय म्हाराजा.” छाती? “व्हय म्हाराजा.” डोकं? घसा? पाठ? सगळ्याला व्हय. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, बाई, याचं नेमकं कुठे दुखतंय तुम्ही तरी सांगा, तुम्ही आई ना. मला सांगता आलं नाही. आठ दिवस. शेवटी शेवटी तर आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलायचे, आणि मी काही विचारलंसुद्धा नव्हतं. गंगू समाचाराला आली, माझा हात धरून म्हणाली, “सुटलो गो बिचारो. तूय सुटलंस.” सगळ्या बायकांनी मान हलवली. आणि मी, जी आयुष्यभर गंगूला उत्तर दिल्याशिवाय राहिले नाही, ती मीसुद्धा मान हलवली.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज तुला सांगितलं, आणि मास्तरांना सांगावं लागलं, कारण मला अक्षर येत नाही. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लवूला माझ्याकडे पाठवू नको. तो मला नको म्हणून नाही गो. तुझ्या पत्रातली त्याच्या हाताभोवती रेघ ओढून काढलेली ती पंजाची आकृती मी उशाशी ठेवली आहे, बोटं अगदी धोंडूची आहेत. पण मला पासष्टावं लागेल आता. तू त्याला माझ्या पदरी घातलंस तर दोन वर्षांनी, पाच वर्षांनी मला पुन्हा त्या देवळात जावं लागेल, आणि मागायला माझ्याकडे दुसरं काही असणार नाही. तुला अजून तीस-चाळीस वर्षं आहेत. तेवढ्या वर्षांत दुसरं काहीतरी मागता येईल. म्हणून पाठवू नको, घेऊन ये. बाळंतपणाला तू येणारच आहेस, त्याला घेऊन ये, मी त्याचे लाड करीन, नवं बाळ त्याच्या मांडीवर देऊ, आणि जाताना दोघांनाही घेऊन जा. डॉक्टर म्हणाले ना की अशा मुलांची शाळा मुंबईत आहे, तिथे घाल. सोळा दिवसांनी परत आणला तर सतराव्या दिवशी पुन्हा नेऊन बसव. आम्ही नेलं नाही. आणि पाव्हणे आले की त्याला आतल्या खोलीत बसू देऊ नको. कडी बाहेरून लावलेली असते तेव्हा आतल्याला काय वाटतं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि एक काम तुझ्यावर टाकते, तेवढ्यासाठीच हे एवढं मोठं पत्र. तू लिहिलंस, तो कशालाच नाही म्हणत नाही, जसं काही ते चांगलं आहे. त्याला ‘आई’ आलं नाही तरी चालेल. देवाचं नाव आलं नाही तरी चालेल, देवाला फरक पडत नाही. मास्तर म्हणतात, लवू इथे आला की मीच शिकवीन. मी म्हटलं, जागे असाल तेव्हा शिकवा. पण मास्तरांवर विसंबू नको, आजपासूनच लाग. त्याला नकोशी भाजी दे, नकोसा सदरा घाल, खोटंखोटं त्याचं खेळणं घे, आणि तो म्हणेपर्यंत सोडू नको. रडला तरी चालेल, त्याने तुला ढकलून दिलं तरी चालेल. सगळ्या शब्दांच्या आधी, सुभद्रा, त्याला ‘नाय’ म्हणायला शिकव.

तुझीच,
आई

(पद्मावती, डाव्या हाताचा अंगठा)